आठवीच्या मुलांना इंटरनेटवर माहिती कशी जाते हे कसं शिकवावं?

व्याख्या नंतर सांगा, आधी चिठ्ठ्या वाटा. एक वाक्य दहा चिठ्ठ्यांवर तोडून लिहा. प्रत्येक चिठ्ठीवर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि क्रमांक हवाच. मधली मुलं राउटर. त्यांनी फक्त पत्ता बघून चिठ्ठी शेजारी सरकवायची, मजकूर वाचायचा नाही. आता एक चिठ्ठी गुपचूप काढून घ्या. शेवटच्या मुलाला क्रमांक जुळवताना "सात नंबर आलाच नाही!" हे आपोआप कळतं आणि तो ती परत मागवतो. टीसीपी (इंटरनेटवर माहिती पूर्ण आणि क्रमाने पोचवण्याची नियमावली) साधारण हेच काम करतं, आणि ते मुलांना स्वतःला सापडलं पाहिजे.

मग खरे आकडे द्या: एका पॅकेटमध्ये, म्हणजे खऱ्या इंटरनेटवरच्या एका चिठ्ठीत, साधारण १५०० बाइट मावतात, म्हणजे ३ एमबीच्या फोटोची दोन हजारांवर पॅकेटं होतात.

लॅबमध्ये विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्टवर ट्रेसर्ट (tracert, पॅकेट कुठल्या राउटरांमधून जातं ते दाखवणारी कमांड) एखाद्या वेबसाइटच्या नावासह चालवून दाखवाच. पहिली ओळ बहुधा शाळेच्याच राउटरची असते, पुढे एकेक टप्पा उलगडतो. मध्येच नुसत्या चांदण्या (*) दिसल्या तर लाइन तुटली असं समजू नका, बरेच राउटर अशा चौकशीला उत्तरच देत नाहीत.