इंग्लंडमध्ये एप्रिलपासून तळ्यात सेलिंग शिकायचंय. लेझर (एकट्यानं चालवायची छोटी शिडाची होडी) बरी की वेफेअरर (दोघा-तिघांची, मोठी)? मी मिरजेचा, कृष्णेत पोहून वाढलोय, तर वेटसूटचा (गार पाण्यात ऊब देणाऱ्या रबरी पोशाखाचा) खर्च वाचेल का?

तुमच्या प्रश्नातलं बोटीचं नंतर बघू. ते 'कृष्णेत पोहून वाढलोय' वाचलं आणि माझं डोकं फिरलं. हेच वाक्य आमचे दाजी इंग्लंडातल्या विंडरमिअर तळ्याच्या काठावर उभं राहून बोलले होते.

मी तेव्हा तिकडे नोकरीला होतो. ताई-दाजी एप्रिलमध्ये आले. दाजी म्हणजे सांगलीच्या सरकारी घाटावरचा गडी, भर पुरात आयर्विन पुलावरून उडी मारलेला. माझ्यासोबत वेफेअररवर बसून सुकाणू धरायला शिकले, आणि मग मित्राची लेझर एकट्यानं न्यायची म्हणाले. ऊन झकास, काठावरची माणसं टी-शर्टात. वेटसूट पुढे केला तर, "पाव्हणं, ह्यो रबराचा सदरा तुम्हीच घाला." लाईफ जॅकेट घातलं तेही ताईनं डोळे वटारले म्हणून.

वळवताना शीड फटकन दुसऱ्या बाजूला गेलं आणि होडी कलंडली. पाणी असेल सात-आठ अंश. दाजी वर आले ते तोंड उघडं टाकून, आवाज नाही, नुसते श्वासावर श्वास. डॅगरबोर्डवर (होडीच्या तळातून पाण्यात उतरणाऱ्या फळीवर) हात टाकला, पण बोटं मिटेनात. रेस्क्यू बोटीनं उचललं. काठावर आल्यावर जॅकेटचं बक्कल ताईला सोडावं लागलं.

यात पोहण्याचा संबंध येतो कुठं? एवढ्या गार पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिटभर श्वास तुमच्या हातात नसतो. त्या वेळी डोकं पाण्याखाली असेल तर पाणी थेट आत. त्यातून सावरलात तर साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे. अंगातली उष्णता धोक्याच्या पातळीला उतरायला तासभर तरी लागतो, पण गारठून मरण्याइतका वेळ बऱ्याच जणांना मिळतच नाही. एप्रिलचं ऊन हवा तापवतं, तळं मागं राहतं. कपडे पाण्याचा अंदाज घेऊन घालायचे, हवेचा नाही.

आता बोट. दाजी आजही प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगतात, "लेझर बोटच फालतू, वेफेअरर असती तर उलटली नसती." बहिणीचा नवरा, तोंडावर काय बोलणार! इथं बोलतो. लेझरची नुसती होडी, शीड-काठी सोडून, साठेक किलोची. उलटली तर डॅगरबोर्डवर चढा, एकट्यानं सरळ होते आणि आतलं पाणी आपोआप निघून जातं. अट एकच, बोटं चालली पाहिजेत. वेफेअरर जवळजवळ तिप्पट जड, सहजी उलटत नाही हे खरं, पण उलटली की एकट्याचं काम नाही, वर जुनी असेल तर पाणी उपसत बसायचं. ती वाईट आहे असं नाही. १९६३ मध्ये फ्रँक डाय नावाचा इंग्लिश दर्यावर्दी स्कॉटलंडहून वेफेअररनं आइसलंडला गेला होता. पण तो दाजी नव्हता.

तुम्ही एप्रिल-मे वेफेअररवर जाणत्या माणसाबरोबर काढा, लेझर जूनपासून. कॅटामरानचा (दोन जोड-होड्यांच्या बोटीचा) विचारच नको, उलटली की एकट्या हलक्या माणसाला जाम दाद देत नाही.

वेटसूट अंगाला घट्टच हवा. ढगळ असेल तर गार पाणी आतून फिरत राहतं. परवडत असेल तर एप्रिलला ड्रायसूट (आत पाणीच येऊ न देणारा पोशाख) सरस, पण आधी क्लबात भाड्यानं मिळतो का विचारा. वजन पासष्टच्या आत असेल तर लेझरचं ७.०६ चौरस मीटरचं मोठं शीड सोडा, ५.७६ चं घ्या. आणि जुनी लेझर विकत घेणार असाल तर डोलकाठी बसते ते भोक पाण्यानं भरून थोडा वेळ थांबा. पातळी उतरली तर तो व्यवहार सोडून द्या.