आधी काय दिसलं ते सांग

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं, शॉर्टफिल्म दोनदा पाहिली, सोबत पाठवलेले रिव्ह्यूही सगळे वाचले. माझी स्वतःची फिल्म एवढी फसली, तर दुसऱ्यांच्या सिनेमावर लिहायचा मला अधिकार काय, असं तू विचारतोस. एवढ्यापायी लिहिणं बंद केलंस आणि पुढचं शूटही लांबणीवर टाकलंस. मित्रांच्या टोमण्यांचे स्क्रीनशॉट मला पाठवायची गरज नव्हती. टोमणे मारणाऱ्यांना तुझ्या फिल्ममध्ये काय दिसलं हेसुद्धा धड सांगता आलेलं नाही. त्यांच्यासाठी तू झोप कशाला घालवतोस?

अधिकाराचं म्हणशील, तर सत्यजित राय यांनी १९४८ साली भारतीय सिनेमाचं काय चुकतंय यावर जाहीर लेख लिहिला, तेव्हा त्यांच्या नावावर एकही चित्रपट नव्हता. जाहिरात कंपनीत नोकरी करत होते. आदल्याच वर्षी मित्रांबरोबर कलकत्ता फिल्म सोसायटी काढली होती. त्यांचा पहिला चित्रपट ‘पथेर पांचाली’ आला १९५५ साली. त्यांचा त्या काळातला एक उद्योग मात्र तू मनावर घे. एखाद्या कादंबरीवर चित्रपट निघतोय असं कळलं, की ते स्वतःच तिची पटकथा लिहून ठेवत आणि नंतर पडद्यावरच्या चित्रपटाशी ताडून बघत. हे समीक्षकाचं काम म्हणायचं की दिग्दर्शकाचं? मला तरी त्यात फरक करता येत नाही. दोन्हीकडे आधी नीट बघावं लागतं.

आता तुझ्या रिव्ह्यूंकडे येतो. थोडं रागावणार आहे, ऐकून घे.

‘कोर्ट’वर तू साडेसहाशे शब्द लिहिलेस. त्यात ‘संथ’, ‘अस्वस्थ करणारा’, ‘व्यवस्थेवरचं भाष्य’, वर साडेतीन स्टार. अरे, पण दिसलं काय? सरकारी वकील बाई काम संपवून लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, घरच्यांबरोबर नाटकाला जाते, याबद्दल एक अक्षर नाही. ज्या बाईने दिवसभर एका शाहिराला तुरुंगात ठेवण्यासाठी कलमं वाचली, तिला आपल्यासारखंच घर आहे, हे दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेने संवादातून सांगितलेलं नाही, ते तुला दाखवलंय. शेवटाकडे न्यायालय सुट्टीसाठी बंद होतं, माणसं निघून जातात, दिवे बंद होतात, आणि कॅमेरा त्या अंधारातच थांबतो. आपल्याला वाटतं, संपला सिनेमा. तो संपत नाही, न्यायाधीशाच्या सहलीला जातो. तू ‘संथ’ लिहून मोकळा झालास. तो अंधार किती सेकंद टिकतो ते मोजलंस का? प्रेक्षक चुळबुळले का? तू स्वतः चुळबुळलास का? हे लिहिलं असतंस, तर ‘संथ’ हा शब्द लिहायची वेळच आली नसती.

‘फँड्री’चंही तेच. डुकराच्या मागे धावणारं कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी उभं राहतं. डुकराला कोण थांबवणार? हे एवढं लिहिलं की जातीवरचा परिच्छेद वाचकाच्या मनात आपोआप तयार होतो. तू परिच्छेद लिहिलास आणि डुक्कर विसरलास.

आधी काय दिसलं ते सांग. मत नंतर. मत सगळ्यांकडे असतं, चहाच्या टपरीवरही मिळतं.

ही सवय मला पुण्यात लागली. फिल्म इन्स्टिट्यूटचे प्राध्यापक सतीश बहादूर ‘पथेर पांचाली’ शॉट शॉट सोडवून शिकवत. फिल्म अर्काइव्ह उभं करणारे पी. के. नायर चित्रपट बघताना अंधारात टिपणं काढत, कुठला प्रसंग कुठल्या रिळात आहे हे त्यांच्या डोक्यात असे. त्या माणसाने फाळक्यांच्या चित्रपटांची रिळं शोधून जपली, म्हणून आज आपल्याला ती बघायला तरी मिळतात. इतकं बघणारी माणसं या राज्यात होऊन गेली आणि आपण स्टार वाटत बसलोय, याचा मला खरोखर त्रास होतो. एका दैनिकात मी परीक्षणं लिहायचो. संपादकांना प्रत्येक परीक्षणाखाली तारे हवे होते. मी देणार नाही म्हटलं. सदर गेलं. आजही तेच उत्तर देईन.

आता फिल्म. वडिलांच्या पिठाच्या गिरणीवर फिल्म करावीशी वाटली, याबद्दल तुझं कौतुक मनातल्या मनात करून झालंय. सातव्या मिनिटाला बाबा पडणाऱ्या पिठाखाली हात धरतात, अंगठा आणि तर्जनीत पीठ चोळून बघतात, मान न वळवता दुसऱ्या हाताने चाक किंचित आवळतात, पुन्हा चोळतात. पलीकडे डब्यांची रांग, झाकणांवर नावांच्या चिठ्ठ्या. जेमतेम चार सेकंद. लगेच उन्हाच्या तिरिपेत उडणारं पीठ, स्लो मोशनमध्ये, आणि खाली पियानो. ती तिरीप संपता संपत नाही. पीठ उन्हात सुंदर दिसतंच, त्यासाठी तुझी गरज नव्हती. बोटांनी दळण ओळखणारा माणूस टिपायला मात्र तुझीच गरज होती, कारण तो तुझ्या घरात आहे.

आणि गिरणीचा आवाज कुठे गेला? पत्राच्या शेवटी तू जाता जाता लिहिलंयस, की बाबा घरीही मोठ्याने बोलतात, पाहुण्यांसमोर आईला अवघड होतं. अरे, आयुष्यभर त्या पट्ट्याच्या फटफटाटात गिऱ्हाइकांशी बोललेला माणूस हळू कसा बोलेल? फिल्म तिथे होती. तू आवाज बंद केलास आणि वर पियानो ठेवलास. फिल्म फसली म्हणून तुला बघता येत नाही असं मी मुळीच म्हणणार नाही. तू बघितलं होतंस, पण त्यावर तुझा भरवसा बसला नाही. रिव्ह्यूमध्ये विशेषणं आली ती याच भीतीने, आणि फिल्ममध्ये पियानो आला तोही.

मी स्वतः सिनेमा केला नाही, हे तुला ठाऊक आहे. वडील गेले, बहिणींची शिक्षणं व्हायची होती, नोकरी मिळाली ती धरली. कच्च्या फिल्मचा आणि लॅबचा खर्च त्या पगारात बसणारा नव्हता. गावातले हातमाग टिपायचे राहिले, ते एकेक करून बंद पडले. धोटा कसा फेकतात, तुटलेला धागा सांधताना विणकर तोंडाने काय करतो, सगळं माझ्या वह्यांत आहे. पण वहीत माग वाजत नाही. ही खंत आहे आणि ती जाणार नाही. तरीही, ज्याने सिनेमा केला नाही त्याने बोलू नये, हे मी कधीच मान्य केलं नाही. वाचनालयाच्या हॉलमध्ये खिडक्यांना घोंगड्या लावून मी सिनेमे दाखवले. सर दुसऱ्यांचेच सिनेमे दाखवतात, असं लोक म्हणत. दाखवले. त्या अंधारात बसलेल्यांपैकी कुणी आज संकलन करतंय, एकजण साउंडचं काम करते. हे सिनेमाचंच काम आहे, आणि त्यासाठी मी कुणाकडे परवानगी मागितली नव्हती. तूही मागू नकोस.

एफटीआयआयचं, म्हणजे पुण्याच्या त्याच फिल्म इन्स्टिट्यूटचं, विचारलंस. दिग्दर्शनाच्या अभ्यासक्रमाला पदवी लागतेच, तेव्हा बी.कॉम. सोडायचा विषय बंद. घरी वाद घालण्यात शक्ती घालवू नकोस, परीक्षा दे.

कामाचं बोलतो. गिरणीत पुन्हा शूट कर. फोन स्टँडवर लाव आणि एक दळण सुरुवातीपासून संपेपर्यंत न तोडता घे. आवाज वेगळा घे, जरा लांबून, कारण फोनचा माइक त्या गोंगाटात फाटतो. मोटर सुरू व्हायच्या आधीचा आवाजही घे, आणि बंद झाल्यानंतरचा. मला कच्चं फुटेज पाठव, संगीत लावलेलं नको. ‘कोर्ट’वर याच आठवड्यात पुन्हा लिही, एकही विशेषण न वापरता. स्टार दिलेस तर वाचणार नाही.

आणि बाबांना विचार, जेवताना तुमचं बोलणं रेकॉर्ड केलं तर चालेल का. आईलाही विचार. हो म्हणाले, तर पोळ्या वाढण्याच्या आधीच रेकॉर्डर सुरू करून ठेव.

तुझा,
सर