वाचकांचे प्रश्न : व्हिसाच्या मुलाखतीची तारीख कुठली आणि केव्हाची घ्यावी?

प्रश्न : आमची मुलगी अमेरिकेत असते आणि तिचे बाळंतपण सहा महिन्यांवर आले आहे. आम्हा दोघांना पहिल्यांदाच तिथला पर्यटक व्हिसा काढायचा आहे. मुंबईत मुलाखतीची तारीख बरीच उशिराची मिळते, तर हैदराबादला ती दीड महिना आधीची दिसते. ओळखीचे लोक सांगतात की अमुक शहरात व्हिसा सहज मिळतो आणि तमुक शहरात हमखास नाकारतात. आम्ही काय करावे?
— एक दांपत्य

उत्तर : आधी ओळखीच्या लोकांच्या सल्ल्याबद्दल. दिल्लीचा दूतावास आणि मुंबई, चेन्नई, हैदराबाद व कोलकाता येथील वाणिज्य दूतावास या पाचही ठिकाणी अमेरिकेचा स्थलांतरविषयक कायदा एकच लागू होतो. आपण भेट आटोपून परत येणार आहोत, हे अधिकाऱ्याला पटवून देण्याची जबाबदारी त्या कायद्याच्या कलम २१४(ब) नुसार अर्जदाराचीच असते, आणि मुलाखत दुसऱ्या शहरात दिल्याने ती हलकी होत नाही. शहर निवडताना तारीख, प्रवास आणि प्रकृती एवढ्याच गोष्टींचा विचार करावा.

तारखेचा हिशेब मात्र शेवटापासून मागे करत यावा. मुलीकडे कोणत्या दिवशी पोहोचायचे ते ठरवा, त्याआधी विमानाची तिकिटे बरी मिळतील एवढा अवधी सोडा, पासपोर्ट व्हिसासह हाती यायला लागणारे दिवस धरा आणि अधिकाऱ्याने अधिक तपासणीसाठी अर्ज थांबवून ठेवला तर लागतील असे काही आठवडेही त्यात मिळवा. या कार्यालयांना भारतीय आणि अमेरिकी अशा दोन्ही सुट्ट्या असतात, त्यामुळे दिवाळीपासून नाताळपर्यंतच्या काळात कामाचे दिवस वाटतात त्याहून कमी भरतात. या हिशेबातून निघेल ती तुमची शेवटची चालण्याजोगी तारीख. मुंबईची तारीख तिच्या आत बसत असेल तर केवळ लवकर मिळते म्हणून हैदराबादला धावण्याचे कारण नाही. बसत नसेल तर जरूर जावे.

तिथे जाताना एक गोष्ट पुष्कळांच्या उशिरा ध्यानात येते. भेटी दोन असतात : एक बोटांचे ठसे व छायाचित्र देण्यासाठी व्हिसा अर्ज केंद्रात आणि दुसरी मुलाखतीची, आणि ठसे मुलाखतीच्या आधीच्या एखाद्या दिवशी द्यावे लागतात. परगावची तारीख घेताना या दोन्ही भेटी लागोपाठच्या दिवशी मिळतील असे पाहावे, नाहीतर मधले दिवस निष्कारण लॉजवर काढावे लागतात. पासपोर्ट कोणत्या केंद्रातून परत घ्यायचा हेही तारीख घेतानाच ठरवायचे असते आणि मुलाखत परगावी झाली तरी ते केंद्र घराजवळचे निवडता येते. म्हणजे तेवढ्यासाठी पुन्हा प्रवास नको. दोघांचे अर्ज एकाच गटात नोंदवले तर वेळही एकच मिळेल.

आता सर्वांत महत्त्वाचे. १ जानेवारी २०२५ पासून भारतात घेतलेली तारीख जादा शुल्क न भरता एकदाच बदलता येते. दुसऱ्यांदा बदलायची झाली, किंवा ठरल्या दिवशी जाणे चुकले, तर माणशी १८५ डॉलरचे शुल्क नव्याने भरून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पूर्वी लोक मिळेल ती तारीख घेत आणि मग आठवडा-आठवडा अलीकडे सरकत येत. ती सवय आता महागात पडते. माझे मत असे की, मुंबईची मिळते ती तारीख आधी घेऊन ठेवावी आणि बदलाची ती एकमेव संधी अशाच तारखेसाठी वापरावी, जिला दोघेही नक्की हजर राहू शकाल. चार-आठ दिवसांच्या फायद्यासाठी ती खर्च करू नये.

तातडीच्या मुलाखतीची आशा या कारणासाठी धरू नका. गंभीर आजार, निकटच्या नातेवाइकाचा मृत्यू अशा प्रसंगी तिची विनंती करता येते, तीही आधी नेहमीची तारीख घेतलेली असेल तरच; परंतु लग्न, पदवीदान समारंभ आणि गरोदर नातेवाइकाच्या मदतीला जाणे ही कारणे त्यासाठी चालत नाहीत, असे अमेरिकी परराष्ट्र खात्याने स्पष्टच सांगितले आहे. (आपल्याकडे बाळंतपणाएवढी निकड दुसरी कुठली, असे कोणत्याही आईला वाटेल, नियम मात्र तसा आहे.) ‘तारीख मिळवून देतो’ म्हणणाऱ्या दलालाच्या हाती तारीख घेण्याच्या संकेतस्थळावरील आपल्या खात्याचा पासवर्डही देऊ नका. मार्च २०२५ मध्ये भारतातील अमेरिकी दूतावासाने स्वयंचलित संगणक प्रणालींच्या आधारे घेतलेल्या सुमारे २,००० तारखा रद्द केल्या होत्या.

प्रश्न : मला अमेरिकेतील विद्यापीठाकडून आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारे प्रवेशाचे प्रमाणपत्र) मिळाले आहे. शैक्षणिक कर्जाच्या मंजुरीचे पत्र यायला अजून तीन आठवडे लागतील. मुलाखतीची तारीख आत्ता घेऊ की पत्र हाती आल्यावर?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : तारीख आत्ताच घ्या, पण चार-पाच आठवड्यांनंतरची घ्या. खर्चाची सोय कागदावर दाखवता येत नसताना अधिकाऱ्यासमोर उभे राहण्यात शहाणपण नाही, आणि पत्राची वाट पाहत बसलात तर उन्हाळ्याच्या गर्दीत तारीख मिळणेच कठीण होते. विद्यार्थी व्हिसा अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३६५ दिवस आधीपासून मिळू शकतो. अमेरिकेत प्रवेश मात्र अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांहून आधी मिळत नाही. तेव्हा लवकर मुलाखत दिल्याने काही बिघडत नाही. २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस विद्यार्थ्यांना नव्या तारखा देणे अचानक थांबवण्यात आले आणि ते जूनमध्ये पुन्हा सुरू झाले. तेव्हा ज्यांनी तारखा आधीच घेतल्या होत्या त्यांना त्याचा कमी ताप झाला. मुलाखतीपूर्वी ३५० डॉलरचे सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी अमेरिकी प्रणाली) शुल्क भरलेले असावे, समाजमाध्यमांवरील खाती सार्वजनिक केलेली असावीत आणि डीएस-१६० या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जाच्या पुष्टिपत्रकावरचा क्रमांक तारीख घेताना दिलेल्या क्रमांकाशी जुळतो की नाही, हे एकदा डोळ्यांखालून घालावे.

प्रश्न : कामानिमित्त मी दोन महिने परदेशी राहणार आहे. तिथल्या अमेरिकी दूतावासात लवकर तारीख मिळते. ती घ्यावी का?
— एक वाचक

उत्तर : घेऊ नये. अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा कायदेशीर वास्तव्याच्या देशातच मुलाखत द्यावी, असा नियम ६ सप्टेंबर २०२५ रोजी जाहीर झाला आहे. दोन महिन्यांच्या कामाला वास्तव्य म्हणता येणार नाही, आणि तिथे भरलेले शुल्क परतही मिळत नाही किंवा भारतातील अर्जाकडे वळवूनही घेता येत नाही.