जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत भेटणाऱ्या ‘सेनाइट’ या शब्दाचा अर्थ काय?

सेनाइट म्हणजे आठवडा. ‘सेव्हन नाइट्स’, म्हणजे सात रात्री, हे शब्द बोलताबोलता आक्रसून तो झाला. इंग्रजांचे पूर्वज असलेल्या जुन्या जर्मानिक टोळ्या काळ रात्रींनी मोजत. रोमन इतिहासकार टॅसिटसनेही तसं नोंदवलंय.

वाचताना अडखळायला होतं ते वारापुढे हा शब्द आला की. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ कादंबरीत कॉलिन्स नावाचा नातेवाईक पत्रातून कळवतो: सोमवारी, १८ नोव्हेंबरला येतो, ‘सॅटर्डे सेनाइट’पर्यंत राहीन. हा शनिवार २३ चा नव्हे, त्यापुढचा, ३० चा!

आज सेनाइट कुणी बोलत नाही. त्याचं भावंड ‘फोर्टनाइट’, चौदा रात्री, ब्रिटनमध्ये अजून रोजच्या बोलण्यात आहे. मला गंमत वाटते ती मोजणीची: त्यांचे सात नि चौदा, आपले मात्र आठवडा नि पंधरवडा.