विज्ञानकथा लिहिताना : पानिपतावर मशीनगन नेण्याआधी

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्या कथेत २०६१ सालचा एक संशोधक कालयंत्रातून मशीनगन घेऊन १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर उतरतो आणि मराठे जिंकतात. सोबत लढाईचं प्रकरण पाठवते आहे. ते सगळ्यांना आवडतं, पण शेवट पोकळ वाटतो म्हणतात. असं का होतं?

उत्तर : प्रकरण वाचलं. इब्राहिमखानाचे गारदी, म्हणजे कवायती बंदूकधारी, अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांवर चालून जातात ते पान फार ताकदीचं आहे, त्याला हात लावू नका. अडचण मशीनगनची आहे.

आधी तिचं वजन करू. मिनिटाला सहाशे गोळ्या, एक काडतूस साधारण पंचवीस ग्रॅमचं, म्हणजे मिनिटाला पंधरा किलो. एका उंटावर दोन क्विंटल काडतुसं लादली तरी तेरा-चौदा मिनिटांत ती संपतात. त्या काळच्या मोजणीत एक घटिकासुद्धा (चोवीस मिनिटं) भरत नाही, आणि लढाई तर सकाळपासून दुपार कलेपर्यंत चालली. तुमच्या संशोधकानं किती उंट आणले, हे कथेत कुठेच नाही.

पण समजा, आणले. तरीही मला ही कल्पना पटत नाही, कारण शस्त्रं कमी पडली म्हणून पानिपत गेलं नाही. लांब पल्ल्याच्या जड तोफा भाऊसाहेबांकडेच होत्या. अब्दालीकडे उंटांवरच्या हलक्या जंबुरका होत्या, हव्या तिथे झटकन नेता येणाऱ्या. शिवाय त्यानं ताज्या दमाची राखीव फौज हाताशी ठेवली होती. मराठे त्या सकाळी बाहेर पडले ते छावणीत दाणा उरला नव्हता म्हणून. अडीच महिने कोंडी चालली होती, रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले होते, आणि सैन्याबरोबर बुणगे, म्हणजे न लढणारे नोकरचाकर होते, बायकामुलं होती, यात्रेकरू होते. गोलाची लढाई करत, म्हणजे बिनलढाऊ माणसांना मधे घेऊन भोवती सैन्याचं कडं करून, दिल्लीच्या वाटेला लागायचं, हा बेत भुकेनं ठरवलेला होता. तुमच्या कथेत शत्रू अब्दाली आहे. त्या छावणीत बसलेल्या माणसाला विचारलं असतं तर त्यानं उपासमारीचं नाव आधी घेतलं असतं.

म्हणून संशोधकाला जानेवारीत उतरवू नका. इतिहास जिथे खरोखर डळमळत होता अशी जागा शोधा. माझ्या मते ती दिल्ली आणि पानिपत यांच्या मधे, यमुनेकाठच्या बागपतजवळ आहे. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस भाऊसाहेब कुंजपुरा जिंकून उत्तरेतच होते. अब्दाली यमुनेच्या पलीकडे होता आणि नदीला अजून बरंच पाणी होतं. अब्दालीनं तो धोका पत्करला, नदी उतरताना त्याची काही माणसं वाहूनही गेली, पण फौज पार झाली आणि मराठ्यांची दिल्लीची वाट तुटली. निम्मं सैन्य अलीकडे आणि निम्मं पलीकडे असताना भाऊसाहेबांना बातमी मिळाली असती तर? माझ्यासाठी सगळी कथा या एका प्रश्नात आहे.

बातमी लवकर पोचवायला वीज लागत नाही. फ्रान्समध्ये क्लोद शाप यांनी १७९४ मध्ये पॅरिस ते लील अशी मनोऱ्यांची साखळी उभारली. प्रत्येक मनोऱ्यावर हलणारे लाकडी हात, त्यांच्या स्थितीवरून खुणा, आणि त्या टिपायला दुर्बीण घेऊन बसलेला माणूस. यातली एकही वस्तू १७६० मध्ये नवी नव्हती. सुतार होते, दोर होते, दुर्बिणीचा शोध लागून दीडशे वर्षं झाली होती. नव्हती ती फक्त कल्पना. तुमचा संशोधक ती डोक्यात घेऊन, रिकाम्या हातांनी जाऊ शकतो. दर दहा-बारा किलोमीटरवर एक मनोरा धरला तर दिल्ली ते पानिपत आठ-नऊ मनोरे पुरतील. सपाट प्रदेश, टेकड्या नाहीत, म्हणजे ते उंच बांधावे लागतील. ऑक्टोबरात हवा स्वच्छ असेल. जानेवारीच्या दाट धुक्यात मात्र तीच साखळी आंधळी होईल, आणि तुमच्या कथेला हवा असलेला ताण तिथे आपोआप तयार होईल.

त्याहून मोठा प्रश्न विश्वासाचा. वर्षानुवर्षं जीव धोक्यात घालून पत्रं पोचवणारे जासूद सोडून सरदारांनी लाकडाच्या हातांवर भरवसा का ठेवावा? एखाद्या वयस्क जासुदाला कथेत आणा. त्याचं आणि संशोधकाचं भांडण मला वाचायचं आहे. संशोधक ‘पाच मिनिटांत’ म्हणाला तर ते कोणाला कळणार नाही, हेही लक्षात असू द्या.

विजयावर थांबलात म्हणून शेवट पोकळ वाटतो. पुढे चला. बक्सारची लढाई १७६४ ची. तिथे इंग्रजांसमोर हरणारा अवधचा नवाब शुजाउद्दौला पानिपतात अब्दालीच्या बाजूला उभा होता. पानिपतात तोच हरला असता तर बक्सारला कोण उभं राहिलं असतं? बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, १७६५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली असती का? आणि मनोऱ्यांची युक्ती फार दिवस मराठ्यांपुरती राहणार नाही. कंपनीच्या गलबतांवर दुर्बिणी होत्याच.

प्रश्न : भूतकाळ बदलला तर कालयंत्र बनवणारा माणूस जन्मालाच येणार नाही. हा पेच कथेत सोडवायलाच हवा का?

उत्तर : नाही. बदललेला काळ वेगळ्या फांदीवर वाढतो, असं एका वाक्यात सांगा आणि पुढे जा. नियम मात्र शेवटपर्यंत तोच ठेवा.

प्रश्न : पराभवाचा विजय करणं म्हणजे मेलेल्यांचा अपमान नाही का? आमच्या वाचनगटात यावरून वाद झाला.

उत्तर : विजय दाखवल्यानं अपमान होत नाही, माणसं खोटी केली तर होतो. अशा कथांत पानिपत पुष्कळदा दोन धर्मांची लढाई बनतं, आणि ते मला मनापासून खुपतं. भाऊसाहेबांचा तोफखाना इब्राहिमखान गारद्याच्या हाती होता. तो अखेरपर्यंत लढला आणि पकडला जाऊन मारला गेला. आधीच छावणी सोडून गेलेल्या सूरजमल जाटानं पराभवानंतर जीव वाचवून आलेल्यांना अन्न आणि आसरा दिला. तुमच्या बदललेल्या इतिहासात या दोघांचं काय होतं, ते आधी ठरवा. अफगाण बाजूच्या साध्या शिपायालाही एखादं पान द्या. तोसुद्धा घरापासून फार लांब, थंडीत उभा होता.