वर्तमानपत्रात रोज कॉमिक स्ट्रिप काढणाऱ्याचं आयुष्य कसं असतं? सोलापुरात राहून यात करिअर होईल का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा बारावीला आहे, वहीच्या मागच्या पानांवर सतत कार्टून काढतो आणि पेपरात रोजची स्ट्रिप काढायची म्हणतो. यात पोट भरतं का, आणि त्यासाठी सोलापूर सोडावं लागेल का, हा तुमचा प्रश्न. मी इथल्या एका दैनिकात नऊ वर्षं तीन चौकटींची स्ट्रिप काढली आहे, तेवढ्या अनुभवावर सांगतो.

पैशाचं आधी. एकट्या स्ट्रिपवर घर चालत नाही. मी दिवसा शाळेत चित्रकला शिकवायचो आणि रात्री जेवणं उरकली की टेबलाशी बसायचो. अमेरिकेत सिंडिकेट असतात. एकच स्ट्रिप ते शेकडो पेपरांना विकतात आणि चित्रकाराला त्यातला वाटा मिळतो. चार्ल्स शुल्झ यांची ‘पीनट्स’ २ ऑक्टोबर १९५० रोजी सात पेपरांत सुरू झाली आणि पुढं दोन हजारांहून जास्त पेपरांत गेली. मराठीत ही पद्धत रुजली नाही. एक पेपर, एक मानधन.

शुल्झ यांचं नाव घेतलं ते दुसऱ्याच कारणासाठी. ते न्हाव्याचे चिरंजीव, चित्रकला शिकले पत्राद्वारे, म्हणजे पोस्टानं. त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षं १७,८९७ स्ट्रिप्स काढल्या. मदतनीस ठेवला नाही, संवादांच्या फुग्यातली अक्षरंसुद्धा स्वतःच लिहिली. १२ फेब्रुवारी २००० च्या रात्री ते गेले आणि शेवटची स्ट्रिप दुसऱ्या दिवशी रविवारी छापून आली. हे आयुष्य असं असतं. घरात लग्न असो, ताप असो, उद्याची चौकट रिकामी जाऊ शकत नाही. मी पंधरा दिवसांचा साठा पुढं ठेवायचो, तरी गड्ड्याच्या यात्रेत तो संपायचाच.

हात चांगला असणं हा यातला लहान भाग. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टनं प्रवेश नाकारला होता, तरी त्यांचा ‘कॉमन मॅन’ पन्नास वर्षांहून जास्त काळ घराघरांत आला. खरा कस लागतो तो सुचण्यात. सकाळमध्ये १९९१ साली सुरू झालेला ‘चिंटू’ चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या दोघांनी मिळून उभा केला. विचाराला जोडीदार असणं केवढी मोठी गोष्ट आहे, ते एकट्यानं नऊ वर्षं काढल्यावर कळतं.

कारागिरीतलं एक सांगतो, मुलाला उपयोगी पडेल. आधी फुगे आणि अक्षरं, मग माणसं. जो आधी बोलतो तो डावीकडं उभा हवा, नाहीतर वाचणारा उत्तर आधी वाचतो. आणि आपल्या लिपीला वर वेलांट्या, खाली उकार. दोन ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो, म्हणून मराठी फुग्यात शब्द फार कमी मावतात. चित्र मोठं काढून छोटं छापतात, त्यात बारीक रेघ तुटते.

माझी पात्रं होती सोलापूरच्या पूर्व भागातली विडी वळणारी आजी आणि तिचा नातू. नातू मित्राला म्हणायचा, “उद्या पाणी येणारंय बे, शाळंला येत नाही.” पेपरातल्या टेबलावर त्या ‘बे’चं ‘रे’ व्हायचं. दोन वर्षं मी ऐकून घेतलं, ‘रे’ म्हणणारा तो पोरगा मला ओळखूच यायचा नाही. शेवटी भांडून ‘बे’ परत आणला. त्यानंतर एकदा शेवटची चौकट बिनशब्दाची ठेवली होती, रात्री नळाशी वाट बघताना आजी घागरीवर हात ठेवून झोपलेली. दुसऱ्या दिवशी नव्या पेठेत एक बाई थांबवून म्हणाल्या, “आमच्या घरातलंच काढलं की हो.” नऊ वर्षांत याहून मोठं काही मला मिळालं नाही.

म्हणून सोलापूर सोडायची गरज नाही. मराठी, तेलुगू, कन्नड एकाच गल्लीत ऐकू येतात, एवढं बोलणं दुसरीकडं कुठं फुकट मिळणार? चित्रं आता घरून पाठवता येतात. फक्त पात्रांचे हक्क कोणाकडं राहतील ते पहिल्याच दिवशी कागदावर घ्यायला सांगा. माझी स्ट्रिप एका फोनवर बंद झाली, आणि ती आजी पुढं कुणाची, याचा कागद माझ्याकडं नव्हता.

डिग्री किंवा नोकरीची वाट त्यानं चालू ठेवावी. त्याआधी एक महिना रोज एक स्ट्रिप पुरी करायला सांगा, सुट्टी न घेता, तीच दोन पात्रं घेऊन. विसाव्या दिवसानंतर पात्रं स्वतःहून काही बोलायला लागली, तर मला इथंच कळवा. त्या तीसही स्ट्रिप्स मी बघेन.