गाडीचं दुखणं: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: नमस्कार सर, माझ्याकडे जिप्सी आहे, सॉफ्ट टॉप. गेल्या वर्षी 205/70 आर15 काढून 235/75 आर15 चे मड टायर टाकले, चालवायला मजा येते पण स्टेपनी पण तीच मोठी मागच्या दारावर लटकवलीय आणि आता दार खाली बसलंय, बंद करताना उचलून ढकलावं लागतं, वरच्या बिजागरीपाशी पत्र्याला बारीक चीर पण दिसतेय. वेल्डर म्हणतो पट्टी मारून देतो, दोन तास लागतील. मला वाटतंय एकदाच काय तो वेगळा स्टँड बनवून घ्यावा, त्यावरच दोन एलईडी लाईट आणि नंबर प्लेट पण बसवावी. फोटो जोडलाय. कसं करू?
– एक वाचक, कराड

उत्तर: फोटो बघितला. वेल्डरला आत्ता पट्टी मारू देऊ नका, म्हणजे चीर बुजवायचीच आहे पण वजन दारावर तसंच ठेवून पट्टी मारली की आज इथे आहे ती चीर सहा महिन्यांनी पट्टीच्या कडेला दिसेल, एवढाच फरक.

आधी स्टेपनी काढून भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवा. समजा रिमसकट 28 किलो भरली. चाकाचा मध्य बिजागरीपासून 50 सेंटीमीटर आणि दोन बिजागऱ्यांमधलं अंतर 30 धरलं तर वरची बिजागरी उभ्या गाडीतच साधारण 47 किलोने बाहेर ओढली जातेय. खराब रस्त्यावर हिशोब तिप्पट धरायचा, म्हणजे 140. आणि ही ओढ पातळ पत्र्यावर, प्रत्येक खड्ड्याला. तुमचं दार अजून जागेवर आहे हेच विशेष! शिवाय जुनं चाक 668 मिमी उंच होतं, नवं 733 च्या आसपास आहे, म्हणून तर फोटोत नंबर प्लेट अर्धी झाकलेली दिसतेय. (जाता जाता, स्पीडोमीटर पण आता जवळजवळ दहा टक्के कमी दाखवत असणार, 60 दाखवतो तेव्हा तुम्ही 66 ला असता.)

तर स्टँड करा, पण वजन दारावर नको, चासीवर. मागच्या बंपरच्या जागी जाड बॉक्स पाइपचा बंपर, तो चासीला बोल्टने, डोक्यावर 8.8 (मजबुतीचा ग्रेड) लिहिलेले एम12, म्हणजे 12 मिमी जाडीचे बोल्ट घ्या, चासीला वेल्डिंग अजिबात करायचं नाही. त्या बंपरवर एका टोकाला उभा शाफ्ट आणि त्यावर फिरणारा आर्म. दार ज्या बाजूच्या बिजागरीवर उघडतं त्याच बाजूला आर्मची बिजागरी घ्या, नाहीतर आर्म एकीकडे आणि दार दुसरीकडे, आणि सामान काढायला मधल्या फटीत उभे तुम्ही.

बिजागरीसाठी साधा पाइपात पाइप घालून देणारे खूप आहेत, पहिल्या पावसाळ्यानंतर तो खुळखुळायला लागतो. लेथवाल्याकडून 30 मिमीचा शाफ्ट आणि त्यावर बसणारं हाउसिंग करून घ्या, आत 30206 नंबरची दोन टेपर रोलर बेअरिंग, एकमेकांच्या उलट तोंडाने, वर टोपी, बाजूला ग्रीस निपल. दोन बेअरिंगमध्ये निदान 15 सेंटीमीटर अंतर ठेवा. चाक आणि आर्म मिळून 38 किलो, 60 सेंटीमीटर लांब धरलं तर आर्म उघडा असताना प्रत्येक बेअरिंगवर आडवा दाब 150 किलोच्या वर जातो, अंतर 10 केलं तर सव्वादोनशेच्या पुढे.

आता खरी गोम, जी फॅब्रिकेटर लोक हमखास विसरतात. आर्म बंद असताना त्याचं दुसरं टोक हवेत राहता कामा नये. बंपरवर एक उतरती बैठक बनवा, आर्म बंद होताना टोक तिच्यावर चढून एक-दोन मिलिमीटर वर उचललं गेलं पाहिजे आणि मग लॅच आवळला गेला पाहिजे. म्हणजे गाडी चालताना वजन दोन्ही टोकांना वाटलं जातं, आणि बेअरिंगवर सगळं वजन फक्त उघडताना येतं जेव्हा गाडी उभी असते. बैठक नसेल तर कितीही भारी बेअरिंग घाला, खडखड येणारच. लॅचला सोबत एक पिन हवीच, आणि आर्म उघडा राहायला पण वेगळी पिन, उताराकडे तोंड करून गाडी लावून आर्म उघडलात की तो परत येऊन नडगीवर बसतो, मी खाल्लाय तो मार.

चाक धरणारी प्लेट 10 मिमीची, जिप्सीचा पीसीडी (चाकाचे बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) 139.7 मिमी आहे, पाचपैकी तीन स्टड पुरतात. प्लेट आर्मला डायरेक्ट वेल्ड करू नका. 60x60x4 मिमीच्या बॉक्स पाइपात आतून 52 मिमी जागा मिळते, त्यात 50x50x3 चा पाइप सरकतो (आतली वेल्डिंगची शिवण घासून घ्या), बोल्ट लावून पुढे-मागे करता येतो. चाक आर्मवरच्या दोन रबरी पॅडवर दाबून बसेल तिथे फिक्स करा. उद्या वेगळ्या ऑफसेटचे (म्हणजे बसायची जागा मधापासून आत-बाहेर असलेले) अलॉय रिम घेतलेत तरी स्टँड फेकावा लागत नाही. उंची एवढीच की टायरची खालची कड बंपरच्या खाली जाऊ नये आणि टेललॅम्प कुठल्याही कोनातून झाकला जाऊ नये. आधी प्लायवूडची गोल चकती कापून दोरीने बांधून लांबून बघा, फुकटात सगळं कळतं.

पाइपांची वरची तोंडं बंद, खाली एक छोटं भोक, नाहीतर आपल्याकडच्या पावसात आतून गंजून जातं आणि बाहेरून रंग झकास.

लाईट. माझ्या पहिल्या स्टँडवर अर्थिंग आर्मच्या लोखंडातूनच घेतलं होतं, बेअरिंगमध्ये ग्रीस, मग घाटात प्रत्येक वळणाला लाईट लुकलुकायचे, मागच्याला वाटायचं मी साईड देतोय. अर्थची स्वतंत्र वायर बॉडीपर्यंत आणा, बिजागरीपाशी ढिला लूप ठेवून लवचिक पाइपातून. 18 वॅटचे दोन एलईडी म्हणजे 3 अँपियर, 5 चा फ्यूज, दीड स्क्वेअर मिमीची वायर आणि मधे रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). रिव्हर्सच्या वायरवरून रिले फक्त ट्रिगर करायचा, लोड थेट बॅटरीवरून.

नंबर प्लेट हलवलीत तर तिच्यावरचा पांढरा दिवा पण हलवावा लागेल, अंधारात नंबर वाचता आला पाहिजे. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) असेल तर तिचे स्नॅप लॉक एकदा काढले की परत लागत नाहीत, आधी ब्रॅकेट पूर्ण करा मग प्लेटला हात लावा. आणि कायद्याचं पण सांगून ठेवतो, मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 आणि जानेवारी 2019 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, दोन्ही गाडीत मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल करण्याच्या विरोधात आहेत, तुमचे टायर पण त्यात येऊ शकतात. वेल्डिंगला टाकण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

प्रश्न: स्टेपनीच्या मधोमध गोल एलईडी लावलाय, रात्री मागून डोळे दिपवणाऱ्यांना धडा शिकवायला. चालेल ना?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: नाही. नंबर प्लेटचा दिवा सोडला तर मागे पांढरा उजेड फक्त रिव्हर्सला. तुमचा राग समजतो, पण डोळे दिपलेला माणूस तुमच्याच मागे ट्रक चालवत असतो.

प्रश्न: स्टेपनी हा शब्द कुठला हो? आमच्याकडे पैज लागलीय.
– एक वाचक, बार्शी

उत्तर: वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटचा. 1904 च्या सुमाराला तिथल्या दुकानात गाडीसाठी जादा चाक बनवलं गेलं, तेव्हा गाड्यांसोबत जादा चाक यायचंच नाही. आरे नसलेली रिम, तिच्यावर हवा भरलेला टायर, पंक्चर झालेल्या चाकालाच बाजूने क्लॅम्प करायची. पैज कोण जिंकलं ते कळवा.